दुसऱ्या साक्षीदाराची सही : महाराष्ट्रातल्या बिशप महोदयांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व धर्मप्रांतांच्या बिशप महोदयांस,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

यंदा पावसाळ्याआधी मी माझं लिव्हिंग विल करायला घेतलं, म्हणजे बरं होण्याची आशा संपली तर कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवणारं इच्छापत्र. वय ६८, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत. पण ३१ वर्षं मुंबईत नर्सिंग केलेल्या बाईला आपला शेवट कसा होऊ नये याची बऱ्यापैकी कल्पना असते. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं इच्छापत्र करायला मुभा दिली तेव्हा ते प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही घेऊन करावं लागे. मरणाची तयारी करायला कोर्टाची पायरी कोण चढणार? जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानेच ती अट सैल केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम भागतं.

शेजारच्या वहिनींनी फक्त “कुठे करू सही?” एवढंच विचारलं आणि केली. दुसरी साक्षीदार म्हणून मी माझ्या बालमैत्रिणीला बोलावलं होतं. आम्ही एकाच धर्मग्रामातल्या, पहिलं कम्युनियन एकाच दिवशी घेतलेल्या. ती निवृत्त शिक्षिका आहे, त्यामुळे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. तिने वाचला, चष्मा काढला, कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. “हे आपल्यात चालत नाही गं. आत्महत्येच्या कागदावर मी सही करू?”

मी तासभर समजावलं. सगळं ऐकून ती म्हणाली, “तू म्हणतेस तसं असेल तर चर्चमध्ये कधी कोणी सांगितलं का नाही?”

इथे माझी बोलती बंद झाली. गर्भपात पाप आहे हे मी शंभरदा ऐकलंय, टेस्ट ट्यूब बेबीबद्दलही ऐकलंय. पण मरणाऱ्या माणसाला कोणता उपचार नाकारता येतो, यावर ६८ वर्षांत एकही प्रवचन कानावर पडल्याचं आठवत नाही. म्हणून तिच्याशी आणखी वाद घालण्याऐवजी आपल्याला लिहिते आहे.

या गोष्टीची किंमत आमच्या घराने मोजली आहे. माझे मोठे दीर, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. जन्मभर केळीच्या वाडीत राबलेले. फुफ्फुसं आधीच झिजली होती, त्यात न्यूमोनिया झाला आणि मग किडनीने मान टाकली. व्हेंटिलेटर लागला. नवव्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या पुतण्याला, भाऊंच्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं, यातून ते परत येणार नाहीत, पुढे काय करायचं ते घरच्यांनी ठरवा. पुतण्याने फादरांना विचारलं, “मशीन काढलं तर पाप लागेल का?” फादर तरुण होते, दिवसभराचे थकून आले होते, आयसीयूच्या दारात चपला काढत होते. म्हणाले, “जीव देवाने दिला, तोच नेईल. आपण मध्ये येऊ नये.”

वाक्य चुकीचं नाही. पण पुतण्याने त्याचा अर्थ आज्ञा म्हणून घेतला. मशीन हेही ‘मध्ये येणं’ असू शकतं, हे त्या दारात कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. मी तिथे नर्स नव्हते, काकू होते, आणि काकूने असं बोललं की घरात काय ऐकावं लागतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आणखी १३ दिवस गेले. हात बांधलेले, कारण ते नळ्या उपटायचे. शुद्ध यायची तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं. वाडीचा रस्त्याकडचा तुकडा त्या १३ दिवसांत गेला. फादरांना मी दोष देत नाही. सेमिनरीत ते हे सगळं शिकलेच असणार. पण पुस्तकात शिकलेलं आयसीयूच्या दारात जिभेवर यायला आधी कधीतरी मोठ्याने बोललेलं असावं लागतं.

आणि मोठ्याने बोलण्यासारखं आपल्याकडे किती आहे! १६ व्या शतकात स्पेनमध्ये सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया नावाचे डॉमिनिकन संघाचे धर्मपंडित शिकवत. आजाऱ्याने जीव राखण्यासाठी किती करायला हवं, या प्रश्नावर त्यांनी थेट ताटातलं उदाहरण दिलं. वैद्य म्हणाला कोंबडी आणि तित्तिर खा, तरी रोग्याने अंडी आणि रोजचंच जेवण खाल्लं तर त्याला पाप नाही, मग महागड्या अन्नाने आयुष्य वाढणार असलं तरी. आणि अन्नावरची वासनाच इतकी मेली असेल की घास गिळणं म्हणजे यातना, तर न खाल्ल्याचा दोषही त्याला लागत नाही. हे आमच्या गावातल्या कुठल्याही म्हातारीला एका दमात समजेल. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस दोमिंगो बान्येस यांनी या फरकाला ‘साधारण’ आणि ‘असाधारण’ उपाय अशी नावं दिली. म्हणजे व्हेंटिलेटर जन्माला येण्याच्या साडेतीनशे वर्षं आधी त्याचं उत्तर तयार होतं.

व्हेंटिलेटर आला तेव्हा भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी हाच प्रश्न पोप बारावे पायस यांच्यापुढे ठेवला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी त्यांनी उत्तर दिलं ते असं: माणूस एरवी साधारण उपायांनाच बांधील असतो, आणि साधारण म्हणजे ज्यांचं स्वतःवर किंवा दुसऱ्यावर भारी ओझं पडत नाही असे उपाय. तेही व्यक्ती, जागा, काळ आणि संस्कृती पाहून ठरवायचं. १९८० मध्ये व्हॅटिकनने दयामरणाचा निषेध करणारं पत्रक काढलं, त्यातही कुटुंबावर किंवा समाजावर फार खर्च पडू नये अशी इच्छा हे उपचार नाकारण्याचं रास्त कारण मानलं. धर्मशिक्षणाच्या मोठ्या ग्रंथात २२७८ क्रमांकाचा परिच्छेद आहे: जाचक, धोक्याचे किंवा फळाच्या मानाने अवाजवी उपचार थांबवणं योग्य असू शकतं, कारण त्यात मरण ओढवून आणायचं नसतं, ते थोपवणं आपल्या हाती नाही एवढंच मान्य करायचं असतं. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेच्या युरोपीय बैठकीला पाठवलेल्या संदेशात हेच पुन्हा सांगितलं.

‘दुसऱ्यावर.’ हा एक शब्द तेव्हा कोणी सांगितला असता तर भाऊंच्या घराला तो तुकडा विकावा लागला नसता.

घोटाळ्याचं एक मूळ आपल्या भाषेतही आहे. २०१८ चा निकाल आला तेव्हा मराठी वर्तमानपत्रांचे मथळे होते ‘इच्छामरणाला परवानगी’. इच्छामरण म्हटलं की मराठी माणसाला शरपंजरी पडलेले भीष्म आठवतात, उत्तरायणाची वाट पाहत आपली वेळ आपण ठरवणारे. न्यायालयाने तसलं काही दिलं नव्हतं. विषाची सुई देऊन मारणं आजही गुन्हा आहे. न्यायालयाने मान्य केलं ते एवढंच की बरा न होणाऱ्या माणसाने आधी लिहून ठेवलं असेल, किंवा तसं लिहिलेलं नसताना घरच्यांची संमती असेल, आणि आधी एक व मग दुसरं, अशी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं सहमत असतील, तर उपचार थांबवता येतो किंवा सुरूच न करता येतो. याला इच्छामरण म्हणणं म्हणजे औषध बंद करण्याला विष घेणं म्हणण्यासारखं आहे. पण शब्द रुळला तो रुळला. आणि आपल्या बाजूने त्या दिवसांत छापून आलं ते बहुतेक विरोधाचं. फरक समजावणारं मराठीत निदान माझ्या वाचनात काही आलं नाही. माझ्या मैत्रिणीने मथळा वाचला, आपला विरोध वाचला आणि दोन्ही जोडून माझा कागद आत्महत्येचा ठरवला.

तिची एक गंमत सांगते, तिला राग येणार नाही. तिने शाळेत ३० वर्षं विनोबा शिकवले. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि १५ तारखेला देह ठेवला, हे ती वर्गात हात जोडून सांगायची. सावरकरांनीही फेब्रुवारी १९६६ मध्ये असंच अन्नपाणी वर्ज्य केलं होतं. मराठी समाजाने या मरणांना आत्महत्या म्हटलं नाही, कृतार्थतेच्या खात्यात टाकलं. माझ्या कागदात मी तोंडाने येणारं अन्नपाणी सोडण्याबद्दल अक्षरही लिहिलेलं नाही. विनोबांना हात जोडणारी बाई माझ्या व्हेंटिलेटर नकोला आत्महत्या म्हणते, याचा अर्थ तिच्या डोक्यात दोन कप्पे आहेत: एक मराठी माणसाचा, एक ख्रिस्ती बाईचा, आणि मध्ये दार नाही. ते दार करून देणं हे काम मला वाटतं आपलं आहे.

विनोबांनी केलं ते मी करू शकत नाही, हेही सांगितलं पाहिजे. घास गिळता येत असताना मरण यावं म्हणून तो नाकारणं माझ्या श्रद्धेत बसत नाही. माझ्याकडे आयुष्याचा सातबारा नाही, मी कूळ आहे. इथे आपला आणि शेजाऱ्यांचा फरक खरा आहे, आणि ‘सगळे धर्म एकच सांगतात’ असं म्हणून तो झाकण्यात अर्थ नाही. जैन समाजातली सल्लेखना किंवा संथारा घ्या, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्याच असं ठरवलं, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. जैन बांधवांना हे व्रत कसं दिसतं आणि आपल्याला उपवासाने आलेलं मरण कसं दिसतं, यांत अंतर आहे. पण माझ्या वॉर्डात एकदा एक जैन आजी होत्या, कॅन्सरने पोखरलेल्या, घरी जायचं म्हणून हट्ट धरून बसलेल्या. त्यांची सून चमच्याने त्यांचे ओठ ओले करत होती. शेजारच्या खाटेवर कोळीवाड्यातल्या एक ख्रिस्ती आजी, त्यांची मुलगी तेच करत होती, फक्त तिच्या दुसऱ्या हातात रोझरी होती. दोघींनी कापूस एकाच वाटीतला वापरला. समान नीती शोधायला मी कुठे जाऊ, असं मला कोणी विचारलं तर मी ग्रंथालयाचा पत्ता देणार नाही, त्या वाटीचा देईन.

म्हणूनच मुंबईच्या केईएम रुग्णालयाची गोष्ट मला पुन्हापुन्हा आठवते. अरुणा शानभाग आमच्याच पेशातली. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच तिच्यावर अत्याचार झाला आणि तिची जाणीव गेली ती परत आली नाही. १८ मे २०१५ ला ती न्यूमोनियाने गेली. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं. पिढ्या बदलल्या. तिच्याबरोबर काम केलेल्या निवृत्त झाल्या, ती पडली तेव्हा ज्या जन्मल्याही नव्हत्या त्यांनी तिला भरवलं. एवढ्या वर्षांत तिला बेडसोअर झाला नाही. बेडसोअर न होऊ देणं म्हणजे काय, हे ज्याने दर दोन तासांनी माणूस कुशीवर वळवलाय त्यालाच कळेल. लेखिका पिंकी विराणी यांनी तिला भरवणं थांबवून मरू द्यावं असा तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तोही कणवेपोटीच. ७ मार्च २०११ ला न्यायालयाने तो नाकारला, आणि तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असं म्हटलं. रक्ताचं नातं नाही, जात एक नाही, धर्म एक नाही. तरी न्यायालयाच्या लेखी तिचं माणूस कोण, तर त्या.

आता त्या नर्सेसना कोणी विचारलं असतं, तुम्ही हे का करता, तर उत्तरं किती निघाली असती? कोणी कर्म म्हणाली असती, कोणी सेवा, कोणी सवाब म्हणजे पुण्य, कोणी येशूचा मत्तयाच्या शुभवर्तमानातला शब्द सांगितला असता. बहुतेकींनी “ती आमची आहे” एवढंच म्हटलं असतं आणि ट्रे उचलला असता. जाता जाता एक सांगते. आमच्या पेशाला मराठीत ‘सिस्टर’ म्हणतात. तो शब्द मठातून आला. जोगिणी म्हणजे नन रुग्णसेवा करायच्या, म्हणून नर्स ती सिस्टर. आज मुसलमान पेशंट हिंदू नर्सला सिस्टर म्हणून हाक मारतो आणि त्यात ख्रिस्ती काय आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. आपली नीती लोकांत मुरावी ती अशी, असं मला वाटतं. पाटी न लावता.

हे मी एकटीच म्हणते असं नाही. मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता त्या काळात युनेस्कोच्या कामात झाक मारितें नावाचे फ्रेंच कॅथॉलिक तत्त्वज्ञ होते. इतक्या परस्परविरोधी विचारांच्या माणसांचं एकमत झालं कसं, याचं कोणाला नवल वाटलं तर मिळालेलं उत्तर त्यांनी नोंदवून ठेवलंय: हक्कांवर आमचं एकमत आहे, मात्र ‘का’ हे कोणी विचारायचं नाही. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत माणसांवरच्या वैद्यकीय प्रयोगांचे नियम ठरवायला राष्ट्रीय आयोग बसला. त्यात अल्बर्ट जॉन्सन होते, पूर्वाश्रमीचे जेझुइट संघाचे धर्मगुरू. आयोगाबरोबर काम केलेले तत्त्वज्ञ स्टीव्हन टूलमिन यांनी लिहून ठेवलंय की एखादं ठोस प्रकरण समोर ठेवलं की सभासद सहज एकमतावर यायचे, आणि कारणं सांगायची वेळ आली की कॅथॉलिक कॅथॉलिक कारणं देई, ज्यू ज्यू, नास्तिक नास्तिकाची. माझ्या वाटीतल्या कापसासारखंच.

पण मी इथे थांबत नाही, कारण ‘का विचारू नका’ हा करार बिल येईपर्यंतच टिकतो.

‘डामा’ हा शब्द आपल्याला माहीत आहे की नाही, ठाऊक नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. नातेवाईक फॉर्मवर सही करतात आणि पेशंटला घरी नेतात. आपल्या देशात व्हेंटिलेटरवरच्या माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा दोन मेडिकल बोर्डांपुढे सुटत नाही, तो डामाच्या फॉर्मवर सुटतो. सही करणाऱ्याचा हात थरथरत असतो, कारण फॉर्मवर छापलेलं असतं की परिणामांची जबाबदारी आमची. पैसे संपले म्हणून बापाला घरी नेणारा मुलगा जन्मभर स्वतःला खुनी समजतो. त्याला कायद्याच्या पुस्तकातली ‘रुग्णाची स्वायत्तता’ समजावून उपयोग नाही. आपल्याकडे रुग्ण एकटा ठरवतच नाही. थोरला मुलगा ठरवतो, गावाहून मामा आले की पुन्हा ठरतं. पण त्याला कोणी सांगितलं की ४०० वर्षांहून जुनी एक शिकवण म्हणते, घराचं कंबरडं मोडणारा उपाय करायला देवाने तुला बांधलेलं नाही, तर तो ख्रिस्ती नसला तरी ते त्याला समजेल. ओझं ही भाषा सगळ्यांना येते. जैवनीतीच्या चर्चेत आपण काय आणावं असं विचारलंत तर मी म्हणेन, हे आणा. परिपत्रकाचा क्रमांक नको. पोप काय म्हणतात यावरून शेजारच्या वहिनींचं मत बदलणार नाही, आणि का बदलावं? पण अंड्याचं आणि कोंबडीचं उदाहरण त्या लगेच उचलतील.

या ओझ्याच्या भाषेत एक विंचू दडलेला आहे, तोही मी पाहिला आहे. ओझं कोणाचं? उपाय ओझं असतो, माणूस नव्हे. व्हितोरियांची सगळी शिकवण या एका काडीवर उभी आहे. ती काडी हलली की म्हाताऱ्या विधवा बाया स्वतःच म्हणू लागतात, “मला कशाला ठेवता, मी ओझं झालेय.” माझ्या वॉर्डातला माझा अनुभव सांगते, आकडे माझ्याकडे नाहीत: कमावत्या पुरुषासाठी दागिने मोडले जायचे आणि सासूसाठी चौथ्या दिवशी डामाचा फॉर्म मागितला जायचा. दोन्ही घरं ‘परवडत नाही’ हाच शब्द वापरायची. म्हणून उपचार नाकारण्याची मुभा आहे हे आपण सांगाल तेव्हा त्याच दमात हेही सांगा की ही मुभा सासूला गुंडाळून ठेवायला नाही. चर्चचा धाक कुठे वापरायचाच असेल तर इथे वापरा.

आता नळीचा प्रश्न. हा मला सोडवता आलेला नाही.

मार्च २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं की जाणीव हरपलेल्या माणसाला नळीने दिलेलं अन्नपाणीसुद्धा तत्त्वतः साधारणच उपाय आहे, उपचार नव्हे. २००७ मध्ये व्हॅटिकनने ते पक्कं केलं आणि अपवादही सांगितले: शरीर अन्न घेईनासं झालं, किंवा नळीनेच मोठा त्रास होऊ लागला, किंवा अत्यंत गरिबीत ते शक्यच नसलं तर बंधन नाही. आपला कायदा आणि बहुतेक डॉक्टर मात्र नळीला उपचारच मानतात. २०२४ मध्ये व्हॅटिकनच्याच जीवनविषयक अकादमीने शेवटच्या आजारातल्या शब्दांचा एक छोटा कोश काढला, त्यात सूर थोडा सैल झाल्यासारखा वाटतो. मग भाविकाने काय धरायचं? मी ३१ वर्षांत किती नळ्या घातल्या मोजलं नाही. नळी म्हणजे चमचा नव्हे, हे माझे हात सांगतात. पण अरुणाच्या नर्सेसनी नळीला आणि चमच्याला एकाच मायेने हात लावला असणार, हेही तेच हात सांगतात. माझ्या कागदावर मी लिहिलंय: मरण जवळ आलं आणि शरीर अन्न स्वीकारेना, तर नळी नको. त्यापुढची ओळ, नुसती जाणीव गेली आणि शरीर चालू आहे तर काय, ती मी पेन्सिलने लिहून दोनदा खोडली आहे. आपल्यातल्या धर्मपंडितांनी इथे छापील वाक्य पाठवू नये. मुंबईत जैव-वैद्यकीय नीतीचा अभ्यास करणारं आपलं केंद्र आहे, आयसीयूत आयुष्य काढलेले ख्रिस्ती डॉक्टर आणि नर्सेस आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवा, शेजारी दोन बिगरख्रिस्ती डॉक्टर बसवा, आणि जे ठरेल ते मराठीत लिहा. ‘आम्हाला अजून खात्री नाही’ असं ठरलं तर तेही लिहा. पेन्सिल वापरणाऱ्यांना तेवढाही आधार पुरतो.

जॉन पॉल यांच्याबद्दल आणखी एक. मार्च २००५ अखेर त्यांनाच नाकातून नळी घालावी लागली. पण प्रकृती ढासळली तेव्हा त्यांना पुन्हा रुग्णालयात हलवलं गेलं नाही. २ एप्रिलला ते आपल्याच खोलीत, आपल्या माणसांत गेले, बाहेर चौकात लोक प्रार्थना करत होते. नळी होती आणि आयसीयू नव्हता. या मरणावर प्रवचन का होत नाही, हे मला कोडं आहे.

आपण नुसतं बोलतो, करत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. भारतातलं पहिलं हॉस्पिस बांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, १९८६ मध्ये सुरू झालं. डॉ. लुईस डिसोझा यांनी काढलेलं शांती अवेदना. कॅन्सरच्या ज्या रुग्णांना रुग्णालयं ‘आता घरी न्या’ म्हणतात त्यांना तिथे पैसे न घेता, धर्म न विचारता ठेवून घेतात आणि जोगिणी त्यांची सेवा करतात. त्याआधी १९६७ मध्ये लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारलं, त्या अँग्लिकन, नर्सिंगमधूनच वर आलेल्या. वेदना फक्त हाडात नसते, मनात, घरात, पैशात आणि देवाशी असलेल्या नात्यातही असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवलं. मरण लवकर आणायचं नाही आणि ओढूनही धरायचं नाही, ही मधली वाट ख्रिस्ती माणसांनी वाद घालून नाही, खाटा टाकून दाखवली.

मग या खाटा सगळीकडे का नाहीत? आपल्या धर्मप्रांतांची, मठांची रुग्णालयं गावोगाव आहेत. त्यांतल्या किती ठिकाणी वेदना शमवणारं, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळतं, याची कृपा करून एकदा चौकशी करा. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या भीतीने औषधदुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं. २०१४ मध्ये तो कायदा दुरुस्त होऊन वाट मोकळी झाली, पण भीती तशीच राहिली. आणि आपल्या लोकांत आणखी एक भीती आहे, की मॉर्फिन दिलं म्हणजे मारलंच. बारावे पायस यांनी १९५७ मध्येच सांगितलं होतं की हेतू वेदना शमवण्याचा असेल तर आयुष्य थोडं कमी होण्याचा धोका पत्करूनही औषध देता येतं. वेदनेने कळवळणाऱ्या आजीला “येशूनेही क्रूसावर सोसलं” असं सांगणारी एक सिस्टर, आपली सिस्टर, मी माझ्या कानांनी ऐकली आहे. मी तिला बाहेर नेऊन जे बोलले ते इथे लिहीत नाही.

माझं मागणं फार नाही. लिव्हिंग विलचा एक नमुना मराठीत काढा, कायद्याला चालणारा आणि आपल्या शिकवणीला धरून असलेला, दोन पानांच्या वर नको. नोव्हेंबरात आपण मृतांसाठी प्रार्थना करतो, कबरींवर मेणबत्त्या लावतो. त्या महिन्यातला एक रविवार जिवंतांच्या मरणाला द्या आणि तो नमुना मिस्सानंतर वाचून दाखवा. तरुण फादरांना आठवडाभर एखाद्या आयसीयूच्या बाकड्यावर बसवा, आतल्या खाटेपाशी नाही, बाहेरच्या बाकड्यावर, जिथे नातेवाईक डबा खातात आणि बिलाचे कागद मोजतात. तिथे त्यांना मुसलमान भेटतील, जैन भेटतील, नास्तिक भेटतील, आणि सगळे एकच प्रश्न विचारतील. तो प्रश्न भाऊंच्या मुलाने विचारला होता.

माझी मैत्रीण अजून माझ्याकडे चहाला येते. विषय निघाला की कपाटाकडे बघते, कारण कागद तिथे ठेवलाय हे तिला माहीत आहे. परवा तिने स्वतःहून विचारलं, “ते अंड्याचं खरंच कुठल्या फादरांनी लिहिलंय का?” मी म्हटलं, खरंच. ती म्हणाली, “मग आपल्या फादरांना वेदीवरून तेवढं सांगू दे. त्याच दुपारी येते मी, पेन घेऊन.”

वहिनींची सही झाली आहे. नोटरीने तारीख घालायची जागा मोकळी सोडली आहे.

आपली,
वसईची एक निवृत्त परिचारिका